नेटवर्क प्रिंटरवर प्रिंट अर्धवट येते तेव्हा: बिघाड शोधण्याचा क्रम

तालुक्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात मी अकरा वर्षे काम करतो. संगणक हा माझ्या शिक्षणाचा विषय नव्हता. प्रवेश, परीक्षा आणि शिष्यवृत्तीची कामे सांभाळता सांभाळता प्रिंटरची जबाबदारीही माझ्याकडे आली. आमच्याकडे एकच मोठा लेझर प्रिंटर आहे, तो नेटवर्क स्विचला (संगणकांच्या केबली एकत्र जोडणाऱ्या पेटीला) जोडलेला आहे आणि चौदा संगणकांवरून त्यावर प्रिंट दिल्या जातात. अठ्ठेचाळीस पानांचे निकालपत्रक एकोणिसाव्या पानावर थांबते, प्रिंटरवर लाल दिवा लागत नाही, संगणक काम पूर्ण झाल्याचे दाखवतो आणि खिडकीबाहेर विद्यार्थी ताटकळत उभे असतात, अशी वेळ माझ्यावर अनेकदा आली आहे. ज्यांच्याकडे हे काम नव्याने आले आहे त्यांची धावपळ वाचावी, म्हणून मी शिकलेला क्रम येथे मांडतो. तो विंडोज १० आणि ११ असलेल्या कार्यालयांसाठी आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्यावी. तुम्ही प्रिंट देता तेव्हा ड्रायव्हर फाइलमधला मजकूर प्रिंटरच्या भाषेत बदलतो, स्पूलर तो संगणकाच्या डिस्कवर साठवतो, तेथून तो नेटवर्कवरून थोडा थोडा प्रिंटरकडे जातो, प्रिंटर आपल्या मेमरीत एकेका पानाचे चित्र तयार करतो आणि मग ते कागदावर उमटते. यातली कोणतीही कडी तुटली तरी हातात येणारा कागद सारखाच अर्धवट दिसतो. त्यामुळे काहीही बदलण्याआधी साखळी कोठे तुटली हे पाहावे. प्रिंटर बंद-चालू केल्याने किंवा ड्रायव्हर पुन्हा टाकल्याने कधी कधी काम होते, पण कारण कळत नाही आणि पुढच्या आठवड्यात तोच बिघाड पुन्हा समोर उभा राहतो.

जवळ ठेवण्याच्या गोष्टी

प्रिंटरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक), प्रिंटरच्या व्यवस्थापन पानाचा पासवर्ड, संगणकाचे प्रशासकीय खाते, एक नवी, चांगली असल्याची खात्री असलेली नेटवर्क केबल, आणि साधा मजकूर असलेली वीस पानांची एक चाचणी फाइल. या फाइलच्या प्रत्येक पानावर मोठ्या अक्षरात पानाचा क्रमांक आणि तळाशी "पान संपले" अशी ओळ लिहून ठेवावी, म्हणजे किती पाने आली आणि कोणते पान तळापर्यंत पोहोचले हे एका नजरेत कळते. शिवाय एक वही हवी. ऑगस्ट २०२१ मधील सुरक्षा अपडेटपासून सामायिक प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला विंडोज प्रशासकीय अधिकार मागते, त्यामुळे ते खाते कोणाकडे आहे हे गडबडीच्या दिवसाआधीच विचारून ठेवावे.

१. ट्रेमधली पाने फेकण्याआधी वाचा

आमच्या कार्यालयातले मामा फार नीटनेटके आहेत. अर्धवट प्रिंट दिसली की ती उचलून कच्च्या कामासाठीच्या कागदांत टाकायची, ही त्यांची सवय. मी त्यांना विनंती केली, "मामा, अर्धवट आलेली पाने आधी मला दाखवत जा, मग टाका." त्या दिवसापासून माझे निम्मे काम सोपे झाले, कारण शेवटचे पान पाहून दिशा कळते.

एकच फाइल दोन-तीनदा द्यावी आणि प्रिंट कोणत्या पानावर तुटते ते वहीत लिहावे. दर वेळी त्याच पानावर तुटत असेल, तर दोष बहुधा त्या पानातल्या मजकुरात, चित्रात, फॉन्टमध्ये किंवा प्रिंटरच्या अपुऱ्या मेमरीत असतो. अशा वेळी केबल बदलत बसू नये. दर वेळी वेगळ्या पानावर तुटत असेल, तर केबल, स्विच, वाय-फाय, वीज किंवा मध्येच झोपी जाणारा संगणक यांच्याकडे वळावे. सगळी पाने येतात पण प्रत्येकाच्या तळाच्या दोन ओळी नसतात, तेव्हा प्रश्न कागदाच्या आकाराचा असतो. मध्येच पानामागून पान विचित्र चिन्हे येऊ लागली, तर चालू काम तुटून उरलेला भाग प्रिंटरने नवे काम समजून छापला, किंवा ड्रायव्हरची भाषा प्रिंटरला कळत नाही, असे समजावे. आणि "पीसीएल एक्सएल एरर" (पीसीएल ही प्रिंटरची एक भाषा) असा मथळा असलेले पान बाहेर आले, तर ते जपून ठेवावे. ड्रायव्हर किंवा फाइल तपासण्याचा तो थेट इशारा असतो.

२. रांग मोकळी करा, पण पुन्हा पुन्हा प्रिंट देऊ नका

सर्वांत जास्त कागद येथे वाया जातो. प्रिंट आली नाही म्हणून माणूस पुन्हा आज्ञा देतो, मग शेजारच्या संगणकावरून देतो, आणि संपर्क परत येताच साठलेली सगळी कामे एकामागून एक छापली जातात. प्रश्नपत्रिकेच्या बाबतीत तर हे धोक्याचेच आहे. एकदा सकाळी अडकलेले काम दुपारी, प्रिंटरजवळ भलतीच माणसे उभी असताना बाहेर येऊ लागले. वेळीच लक्ष गेले म्हणून निभावले.

म्हणून संगणकावरच्या रांगेतून काम रद्द करावे आणि ते प्रिंटरच्या पॅनेलवरही शिल्लक नाही ना, हे पाहावे. रांगेतले काम "डिलीटिंग" असे दाखवून तसेच राहिले, तर "सर्व्हिसेस" उघडून "प्रिंट स्पूलर" थांबवावा, सी ड्राइव्हमधील विंडोज, सिस्टम३२, स्पूल या क्रमाने "प्रिंटर्स" फोल्डरमध्ये जाऊन आतल्या फाइली काढाव्यात आणि स्पूलर पुन्हा सुरू करावा. फोल्डर मात्र काढू नये. सर्वांच्या प्रिंट एकाच सर्व्हरवरून जात असतील, तर या कृतीने इतरांचीही कामे पुसली जातात; आधी सर्वांना सांगावे. त्याच वेळी सी ड्राइव्हवर मोकळी जागा किती आहे तेही पाहून घ्यावे, कारण जागा नसेल तर मोठे काम पूर्ण साठतच नाही.

३. प्रिंटर आणि संगणक वेगवेगळे तपासा

प्रिंटरच्या पॅनेलवरून "कॉन्फिगरेशन पेज" छापून घ्यावे. हे पान प्रिंटर स्वतः तयार करतो, त्यात संगणकाचा संबंध नसतो. ते स्वच्छ आणि पूर्ण आले, तर छपाईची यंत्रणा ठीक आहे असे धरून पुढे जाता येते. त्यानंतर चाचणी फाइल दोन वेगळ्या संगणकांवरून द्यावी. एकाच संगणकावरून तुटत असेल तर त्या संगणकाची केबल, ड्रायव्हर आणि पोर्ट (मजकूर प्रिंटरकडे कोणत्या वाटेने जातो ते सेटिंग) तपासावे; दोन्हींवरून तुटत असेल तर प्रिंटरकडची बाजू.

संगणकाने खरोखर किती पाठवले, याची नोंदही मिळू शकते. "इव्हेंट व्ह्यूअर"मध्ये "अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज", मायक्रोसॉफ्ट, विंडोज, "प्रिंटसर्व्हिस" या क्रमाने गेल्यावर "ऑपरेशनल" नावाची नोंदवही असते. ती सहसा बंद असते, म्हणून उजवे बटन दाबून ती सुरू करावी लागते. नंतर छापल्या गेलेल्या प्रत्येक कामाची नोंद ३०७ या क्रमांकाखाली येते आणि त्यात कामाचा आकार आणि पानांची संख्या असते. येथे ४८ पाने आणि ट्रेमध्ये १९, असे दिसले की संगणकापुरते काम संपले होते आणि गळती पुढे झाली, हे स्पष्ट होते.

"पण संगणक तर प्रिंट झाली म्हणतो" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. नेटवर्क प्रिंटरला मजकूर पाठवण्याची सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे ९१०० क्रमांकाचे "रॉ" पोर्ट. या पद्धतीत शेवटचा बाइट प्रिंटरच्या हवाली झाला की संगणक आपले काम संपले असे मानतो. शेवटचा कागद खरोखर बाहेर पडला का, याची पोच त्यात नसते. त्यामुळे संगणकाच्या शब्दावर विसंबून न राहता पाने मोजावीत.

४. केबल, स्विच आणि आयपी पत्ता

निकालपत्रकाच्या त्या प्रसंगात प्रिंट पहिल्यांदा १९, मग ३१ आणि मग १२ पानांवर तुटली. देखभालीचा करार असलेल्या तंत्रज्ञांनी दोन वेळा ड्रायव्हर बदलला, तरी फरक पडला नाही. शेवटी मी कॉन्फिगरेशन पेज छापले, मोठी फाइल पाठवली आणि लगेच तेच पान पुन्हा छापले. अनेक कंपन्यांच्या प्रिंटरवर या पानात मिळालेल्या पॅकेटांची (नेटवर्कवरून जाणाऱ्या मजकुराच्या तुकड्यांची) एकूण संख्या, खराब पॅकेटे आणि टक्कर झालेली पॅकेटे असे आकडे असतात. दोन पाने शेजारी ठेवल्यावर खराब पॅकेटांचा आकडा वाढलेला दिसला. केबलवर हात फिरवत मी भिंतीपर्यंत गेलो, तेव्हा सुटीत रंगकाम करताना सरकवलेल्या लोखंडी कपाटाचा पाय तिच्यावर आला होता आणि तेथे ती चपटी झाली होती. नवी केबल जोडताच ४८ पाने एका दमात आली.

येथे कोणालाही शंका येईल की केबल खराब असेल तर काहीच छापले जाऊ नये. एकोणीस पाने कशी येतात? नेटवर्कवर हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवले जाते, त्यामुळे खराब केबलने मजकूर सहसा चुकत नाही, तो रेंगाळतो. प्रिंटर पुढच्या भागाची ठरावीक वेळ वाट पाहतो आणि नंतर काम संपले असे मानून हातातले अर्धे पान बाहेर ढकलतो. एक-दोन पानांचे दाखले अशा केबलवरूनही बिनतक्रार येतात, म्हणून दोष अनेक दिवस लक्षात येत नाही. तपासणी नेहमी मोठ्या फाइलने करावी.

केबल चांगली असूनही आकडा वाढत असेल, तर स्विचचे दुसरे पोर्ट (केबल लावण्याची खाच) वापरून पाहावे. स्विचवर वेग हाताने "१०० फुल डुप्लेक्स" (एकाच वेळी पाठवणे आणि घेणे) असा बांधलेला आणि प्रिंटर "ऑटो"वर असेल, तर प्रिंटर हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी पाठवणे किंवा घेणे) उतरतो आणि मोठ्या कामांत टकरी होऊ लागतात. दोन्ही बाजू "ऑटो"वर ठेवणे उत्तम.

प्रिंटर वाय-फायवर असेल आणि तो हलवता येत नसेल, तर निदान तपासणीपुरती तरी केबल जोडावी. केबलवर प्रिंट पूर्ण येऊ लागली की प्रश्न सिग्नलचा आहे हे कळते.

एकाच पत्त्यावर दोन उपकरणे असणे हा आणखी एक सापळा आहे. प्रिंटरला पत्ता हाताने दिलेला असतो, राउटर तोच पत्ता एखाद्या मोबाइलला देऊन टाकतो, आणि तो मोबाइल कार्यालयात आला की प्रिंट तुटू लागते. तपासणी सोपी आहे. प्रिंटर बंद करावा, कमांड प्रॉम्प्टवर "पिंग" लिहून पुढे प्रिंटरचा पत्ता द्यावा. बंद प्रिंटरच्या पत्त्यावरून उत्तर आले, तर तेथे दुसरे कोणीतरी बसलेले आहे. राउटरमध्ये प्रिंटरच्या मॅक पत्त्यासाठी (उपकरणाला कारखान्यातच दिलेल्या क्रमांकासाठी) आयपी पत्ता राखून ठेवला की हा त्रास मिटतो.

५. पोर्ट, स्पूलर आणि वाट पाहण्याची मुदत

या सेटिंग्ज बदलण्याआधी प्रत्येक खिडकीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा आणि एका वेळी एकच बदल करावा. "प्रिंटर प्रॉपर्टीज"मधील "पोर्ट्स" या भागात प्रिंटर कोणत्या पोर्टवर आहे ते पाहावे. तेथे "डब्ल्यूएसडी" असे असेल, तर माझा सल्ला आहे की पत्ता राखून ठेवल्यावर "स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट" तयार करून प्रिंटर त्यावर न्यावा. विंडोज आपोआप प्रिंटर शोधते तेव्हा अनेकदा डब्ल्यूएसडी पोर्ट बनवते आणि आमच्याकडे त्याने वारंवार त्रास दिला.

"कॉन्फिगर पोर्ट" दाबल्यावर "रॉ" आणि "एलपीआर" (मजकूर पाठवण्याची दुसरी, जुनी पद्धत) असे दोन पर्याय दिसतात. प्रिंटरच्या माहितीपुस्तिकेत वेगळे सांगितले नसेल तर "रॉ" ठेवावे. एलपीआर वापरणे भाग असेल आणि शेवटचे पान अडकून राहत असेल, तर "एलपीआर बाइट काउंटिंग एनेबल्ड" या चौकटीत खूण करून पाहावी. एलपीआरमध्ये कामाचा आकार आधी सांगायचा असतो आणि काही प्रिंटर सांगितलेल्या आणि मिळालेल्या आकाराचा मेळ बसेपर्यंत थांबून राहतात.

"अ‍ॅडव्हान्स्ड" या भागात "स्टार्ट प्रिंटिंग आफ्टर लास्ट पेज इज स्पूल्ड" हा पर्याय निवडावा. मग संपूर्ण काम डिस्कवर तयार झाल्यावरच पाठवणे सुरू होते. पहिले पान थोडे उशिरा येते, पण संथ संगणकावर मधल्या खोळंब्याने प्रिंट तुटत नाही. तेथेच असलेला "प्रिंट डायरेक्टली टू द प्रिंटर" हा पर्याय मोहक वाटतो, पण सामायिक प्रिंटरवर तो निवडू नये. "एनेबल अ‍ॅडव्हान्स्ड प्रिंटिंग फीचर्स"ची खूण काढून चाचणी घेणेही उपयोगी पडते. विशेषतः एकाच कागदावर अनेक पाने किंवा अनेक प्रती काढताना काही गहाळ होत असेल तेव्हा.

वाट पाहण्याची मुदत प्रिंटरच्या बाजूला असते. ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता टाकून व्यवस्थापन पान उघडावे आणि "आय/ओ टाइमआउट" शोधावे. अनेक लेझर प्रिंटरवर ते १५ सेकंद असते. चित्रांनी भरलेल्या फाइलसाठी ही मुदत अपुरी पडते. मी ती ६० सेकंद केली आहे. उगाच ३०० करू नये, कारण एखादे काम खरोखर मध्येच तुटले तर पुढच्या सर्वांना तितका वेळ थांबावे लागते.

सेटिंगशी संबंध नसलेले पण तितकेच नेहमीचे एक कारण म्हणजे लॅपटॉप मिटणे. एक सर साठ पानांच्या टिपणांची प्रिंट देत, लॅपटॉप मिटून बॅगेत ठेवत आणि तासाला जात. "प्रिंट तर दिली होती, वीसच पाने कशी?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. मजकूर लॅपटॉपच्याच डिस्कवर साठलेला असतो आणि प्रिंटर तो थोडा थोडा घेत असतो. लॅपटॉप झोपला की ओघ थांबतो. शेवटचे पान हातात येईपर्यंत लॅपटॉप उघडा ठेवावा.

६. तेच पान वारंवार अडत असेल तर

फक्त ते एक पान छापून पाहावे. तेही अडले, तर त्यातले चित्र काढून पुन्हा छापावे. आमच्या ओळखपत्रांच्या फाइलमध्ये सातव्या पानानंतर काहीच येत नसे. आठव्या पानावर विद्यार्थ्यांचे बारा फोटो होते आणि ते मोबाइलवरून जसेच्या तसे घेऊन तिकिटाएवढे लहान करून बसवलेले होते. पानावर फोटो लहान दिसला तरी आत मूळ फोटो पूर्ण आकारातच असतो. वर्डमधील "कॉम्प्रेस पिक्चर्स" वापरून ते हलके केल्यावर फाइल पूर्ण आली.

मेमरीचा अंदाज येण्यासाठी एक हिशेब पाहा. ६०० डीपीआयवर (एका इंचात ६०० ठिपके) ए४ पानात सुमारे ३ कोटी ४८ लाख ठिपके असतात. एका ठिपक्याला एक बिट धरला तरी दाबून न साठवलेले काळे-पांढरे पान सुमारे ४.३ एमबी होते. रंगीत पानाला चार रंगांचे चार थर, म्हणजे सुमारे १७ एमबी लागतात आणि १२०० डीपीआय केले की हे सगळे चौपट होते. पाठपोट छपाईत एकापेक्षा जास्त पाने मेमरीत धरावी लागतात. म्हणून "पेज टू कॉम्प्लेक्स" किंवा "मेमरी लो" असा संदेश आला की डीपीआय कमी करून आणि एकाच बाजूला छापून पाहावे.

मराठी कागदपत्रांत फॉन्टची अडचण वेगळी लक्षात ठेवावी. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेले परिपत्रक पीडीएफ करताना फॉन्ट आत बसवला गेला नसेल, तर दुसऱ्या संगणकावरून छापताना काही ओळी भलत्याच अक्षरांत येतात किंवा गळतात. पीडीएफच्या "प्रॉपर्टीज"मध्ये "फॉन्ट्स" या भागात प्रत्येक नावापुढे "एम्बेडेड" असे आहे का, ते पाहावे. नसेल तर ज्या संगणकावर तो फॉन्ट आहे तेथूनच पीडीएफ पुन्हा तयार करून घ्यावी. तातडीच्या वेळी, पडद्यावर मजकूर नीट दिसत असेल तर, अ‍ॅक्रोबॅट रीडरच्या प्रिंट खिडकीतील "अ‍ॅडव्हान्स्ड"मध्ये "प्रिंट अ‍ॅज इमेज" निवडावे. पान चित्र म्हणून जाते आणि अक्षरे शाबूत राहतात. मात्र काम जड होते, म्हणून अशा वेळी दहा-दहा पानांचे गट करून छापावेत.

इतके करूनही तेच पान अडले, तर ड्रायव्हरची भाषा बदलून पाहावी. एकाच प्रिंटरसाठी पीसीएल ६ आणि पोस्टस्क्रिप्ट या भाषांचे दोन ड्रायव्हर मिळत असतील, तर जुना न काढता दुसरा वेगळ्या नावाने जोडावा आणि तीच फाइल त्यावरून द्यावी.

७. कागदाचा आकार आणि वीज

तळाच्या ओळी कापल्या जात असतील तर फाइल, ड्रायव्हर आणि ट्रे या तिन्ही ठिकाणी एकच आकार आहे का, ते पाहावे. लीगल कागद १४ इंच लांब असतो आणि ए४ सुमारे ११.७ इंच, लीगलसाठी बेतलेला अर्ज ए४ वर "अ‍ॅक्चुअल साइज"ने छापला की सहीची जागाच नाहीशी होते. शिवाय बहुतेक लेझर प्रिंटर कडेची सुमारे ४ मिलिमीटर जागा छापतच नाहीत.

विजेबाबत दोन गोष्टी. लेझर प्रिंटर कार्यालयातल्या लहान यूपीएसवर लावू नये. कागदावर टोनर पक्का करणारा भाग तापताना एकदम मोठा भार घेतो आणि यूपीएस कोलमडतो. स्विच आणि राउटर मात्र यूपीएसवरच असावेत. वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होण्याच्या क्षणात स्विच पुन्हा सुरू झाला, तर चालू असलेली प्रिंट तेथेच तुटते आणि दिवे तर लागलेले असतात, म्हणून कोणाला संशयही येत नाही.

८. तंत्रज्ञांना बोलावण्याआधी

एवढ्यावर बिघाड हाती लागला नाही, तर वहीतली टिपणे तयार ठेवावीत: कोणत्या फाइली तुटतात, कोणत्या पानावर, किती संगणकांवरून, ३०७ च्या नोंदीतील पाने आणि प्रत्यक्ष आलेली पाने, मोठ्या कामाआधीचे आणि नंतरचे कॉन्फिगरेशन पेज, पोर्टचा प्रकार, आणि आतापर्यंत काय काय बदलले. प्रिंटरच्या "इव्हेंट लॉग"चे पानही छापून जोडावे.

तपासणीच्या दिवसांत तेच काम पुन्हा पाठवता यावे म्हणून "अ‍ॅडव्हान्स्ड"मधील "कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स" ही खूण उपयोगी पडते. तपासणी संपताच ती काढावी आणि रांगेत राहिलेली कामे पुसावीत. नाहीतर डिस्क भरत जाते, आणि परीक्षेच्या काळात कोणीही रांग उघडून कालची प्रश्नपत्रिका पुन्हा छापू शकतो.